डी. बी. कूपर : नाव शोधण्याआधी नोटा वाचा

चोरीला गेलेल्या दहा हजार नोटांपैकी प्रत्येक नोटेचा क्रमांक पोलिसांकडे होता. चोराला काही तास जवळून पाहिलेले, त्याच्याशी बोललेले साक्षीदार होते. तो ज्या विमानातून पळाला, त्या विमानाचा मार्ग ठाऊक होता आणि लष्कराची विमानं त्याच्या मागावर होती. त्यानं ओढलेल्या सिगारेटची थोटकं मिळाली, गळ्यातला टाय मिळाला. तरीही तो कोण होता, कुठे उतरला, जगला की मेला, यातलं काहीही आजवर सिद्ध झालेलं नाही. 24 नोव्हेंबर 1971 रोजी अमेरिकेच्या वायव्य भागात झालेलं हे अपहरण ‘डी. बी. कूपर प्रकरण’ म्हणून ओळखलं जातं. अमेरिकेतल्या प्रवासी विमानांच्या अपहरणांपैकी उलगडा न झालेलं हे एकमेव प्रकरण मानलं जातं.

एफबीआय या अमेरिकेच्या केंद्रीय तपासयंत्रणेनं हात टेकल्यावरही वाद थांबला नाही. निवृत्त वैमानिक, पॅराशूटवाले, अभियंते, भूगर्भाचे अभ्यासक आणि नुसतेच चिकित्सक वाचक अशा शेकडो हौशी मंडळींनी हे प्रकरण आपलं मानलं आहे. त्यांच्या वादात दोन प्रकारचे प्रश्न असतात. पहिला, ‘हा माणूस कोण?’ दुसरा, ‘मागे राहिलेल्या वस्तू काय सांगतात?’ पहिल्या प्रश्नावर पन्नास वर्षं पुस्तकं आणि दूरचित्रवाणीचे कार्यक्रम निघत आहेत, पण ज्ञानात फारशी भर पडलेली नाही. दुसऱ्या प्रश्नानं मात्र थोडं थोडं करत खरंच काही हाती दिलं आहे. असं का होतं, हे नीट समजून घेतलं तर पुरावा म्हणजे काय, हेही समजतं.

त्या संध्याकाळी काय घडलं

थँक्सगिव्हिंगच्या सणाचा आदला दिवस होता. ओरेगन राज्यातल्या पोर्टलंडच्या विमानतळावर एका माणसानं ‘डॅन कूपर’ या नावानं सिअ‍ॅटलचं तिकीट रोख पैसे देऊन घेतलं. वय चाळिशीच्या मध्यावर, गडद सूट, पांढरा सदरा, काळा टाय. त्या काळी प्रवाशांची आणि सामानाची सक्तीची तपासणी नव्हती. नॉर्थवेस्ट ओरिएंट कंपनीच्या 305 क्रमांकाच्या त्या बोइंग 727 विमानात तो शेवटच्या रांगेत बसला. उड्डाणानंतर त्यानं हवाईसुंदरीच्या हातात चिठ्ठी दिली, आपल्याजवळ बॉम्ब आहे असं सांगितलं आणि ब्रीफकेस किंचित उघडून आतल्या लाल नळ्या आणि तारा दाखवल्या. मागणी होती दोन लाख डॉलर आणि चार पॅराशूट. कॅप्टन विल्यम स्कॉट यांनी ही मागणी जमिनीवर कळवली. पैसे आणि पॅराशूट जमवले जाईपर्यंत विमान सिअ‍ॅटलच्या आकाशात घिरट्या घालत राहिलं. उतरल्यावर पैसे मिळाले, तेव्हा त्यानं 36 प्रवाशांना सोडून दिलं. इंधन भरून झाल्यावर मोजक्या कर्मचाऱ्यांसह विमान पुन्हा उडालं. जायचं होतं मेक्सिको सिटीला, वाटेत नेव्हाडातल्या रीनो इथे थांबून.

आठच्या सुमारास विमानाच्या शेपटीकडचा जिना उघडल्याचा दिवा वैमानिकांच्या खोलीत लागला. 8 वाजून 13 मिनिटांच्या आसपास शेपटीला अचानक वरच्या दिशेनं हिसका बसला. विमान रीनोला उतरलं तेव्हा कूपर, पैसे आणि दोन पॅराशूट गायब होते. मागे उरले दोन पॅराशूट, रॅली छापाच्या सिगारेटची आठ थोटकं आणि मोत्याच्या शिंपल्याची पिन लावलेला, नुसता अडकवायचा काळा टाय. ‘डी. बी.’ ही आद्याक्षरं त्यानं कधीच सांगितली नव्हती. ती पहिल्या बातम्यांच्या गोंधळात चिकटली आणि कायमची राहिली.

शेपटीतला जिना

प्रत्येक प्रवासी विमानातून अशी उडी मारता येत नाही. बहुतेक जेट विमानांच्या बाजूच्या दारातून कोणी बाहेर पडला, तर वाऱ्याच्या प्रचंड झोतात तो पंखावर, इंजिनावर किंवा शेपटीवर आदळेल. बोइंग 727 ची रचना वेगळी होती. तिची तिन्ही इंजिनं मागच्या बाजूला होती: दोन शेपटीलगत दोन्ही अंगांना आणि एक शेपटीच्या बुडाशी. लहान विमानतळांवर शिडी नसली तरी प्रवाशांना चढता-उतरता यावं म्हणून शेपटीच्या पोटात एक जिना बसवलेला होता. तो इंजिनांच्या खाली आणि मागे उघडत असल्यामुळे त्यावरून सुटलेला माणूस कशावरही न आपटता खाली जाऊ शकत होता.

कूपरनं वैमानिकांना घातलेल्या अटी या रचनेशी जुळणाऱ्या होत्या. विमान 10,000 फुटांच्या वर न्यायचं नाही, चाकं खाली ठेवायची, पंखांच्या मागच्या झडपा म्हणजे फ्लॅप 15 अंशांवर ठेवायच्या, आणि केबिनमध्ये हवेचा दाब भरायचा नाही. प्रत्येक अटीला कारण आहे. उंची कमी असली की प्राणवायूच्या नळीशिवाय श्वास घेता येतो. आतला आणि बाहेरचा दाब सारखा असला की दार उघडताना हवेचा लोंढा बाहेर धावत नाही. चाकं आणि फ्लॅप उघडे असले की हवेचा अडथळा वाढतो, विमान कमी वेगातही तरंगत राहतं आणि उडी मारणाऱ्याला बसणारा वाऱ्याचा तडाखा कमी होतो. शेपटीला बसलेल्या हिसक्याचा उलगडाही याच जिन्यातून होतो. उघडा जिना खालून येणाऱ्या हवेनं वर ढकलला जात असतो. त्यावर उभ्या असलेल्या माणसाचं वजन त्याला खाली दाबून धरतं. माणूस सुटला की जिना झटक्यात वर येतो. पुढे जानेवारी 1972 मध्ये त्याच विमानातून जिन्यावरून जड वजन खाली ढकलून एफबीआयनं हा प्रयोग करून पाहिला, तेव्हा शेपटीची तशीच हालचाल नोंदली गेली.

इथवरचं सगळं पक्कं आहे. हे विमान त्याला माहीत होतं, असं यातून नक्की म्हणता येतं. पण ‘माहीत होतं’ या दोन शब्दांत हजारो माणसं बसतात: विमान कंपन्यांचे कर्मचारी, सामान चढवणारे, दुरुस्ती कारागीर, बोइंगच्या कारखान्यातले कामगार, लष्करात उड्या मारलेले सैनिक. ज्ञान होतं हे कळलं, ते कुठून आलं हे कळलं नाही. पुरावा एखादी गोष्ट कुठपर्यंत सांगतो आणि कुठे गप्प होतो, ही सीमा पहिल्यांदा इथे दिसते. बहुतेक नावांचे वाद ही सीमा ओलांडूनच सुरू होतात.

एका मिनिटाची चूक म्हणजे पाच किलोमीटर

उडीची वेळ ठाऊक असताना जागा का सापडू नये, असा प्रश्न कुणालाही पडेल. उत्तर साध्या गणितात आहे. विमानाचा वेग ताशी 300 किलोमीटरहून अधिक होता. म्हणजे मिनिटाला पाच किलोमीटरहून जास्त. वेळेच्या अंदाजात दोन मिनिटांची चूक झाली तर जागेत दहा किलोमीटरचा फरक पडला. त्यात वाऱ्याची भर घाला. 10,000 फूट म्हणजे सुमारे तीन किलोमीटर. तेवढ्या उंचीवर लगेच पॅराशूट उघडला तर जमिनीवर यायला नऊ-दहा मिनिटं लागतात. वारा ताशी 40 किलोमीटरचा धरला तर तेवढ्यात माणूस सहा किलोमीटर वाहत जातो. तोच माणूस पॅराशूट उशिरा उघडील तर फारसा वाहणार नाही, आणि उघडलाच नाही तर जवळपास सरळ खाली पडेल. वेळेची चूक विमानाच्या मार्गाच्या दिशेनं पसरते आणि वाऱ्याची चूक आडवी. दोन्ही मिळून शोधाचा पट्टा शेकडो चौरस किलोमीटरचा होतो. तो पट्टाही दाट झाडीचा, डोंगराळ आणि पावसानं भिजलेला.

पहिला शोध वॉशिंग्टन राज्यातल्या एरियल या गावाभोवती, लुईस नदीवरच्या मर्विन जलाशयाच्या परिसरात झाला. काही मिळालं नाही. त्यावरून ‘काही मिळालं नाही, म्हणजे तो सुखरूप निसटला’ असं काही जण म्हणतात, तर ‘तो त्याच जंगलात कुठेतरी पडला’ असं दुसरे म्हणतात. एवढा मोठा पट्टा आणि एवढी दाट झाडी असताना न सापडणं हे दोन्ही बाजूंना सारखंच लागू पडतं. जो पुरावा दोन्ही पक्षांना सारखा उपयोगी पडतो, तो प्रत्यक्षात कुणाच्याच उपयोगाचा नसतो. पॅराशूटचंही असंच झालं. कूपरनं नेलेल्या पॅराशूटपैकी पोटाशी बांधायचा एक पॅराशूट प्रशिक्षणाचा होता, शिवून बंद केलेला, न उघडणारा. त्याला हे कळलं नाही म्हणून तो अडाणी, असा एक निष्कर्ष. दुसरा खरा पॅराशूट त्यानं पैशाची पिशवी बांधायला दोऱ्या कापण्यासाठी वापरला, म्हणजे तो हिशेबी आणि पाठीवरच्या मुख्य पॅराशूटवर विसंबलेला, असा दुसरा निष्कर्ष. वस्तुस्थिती एकच असताना दोन उलट निष्कर्ष निघत असतील, तर त्या मुद्द्याला वादातून थोडं बाजूला ठेवणं शहाणपणाचं.

सगळ्यांना बसणारं वर्णन

आता मुख्य प्रश्न. एखाद्या संशयिताची उंची जुळते, वय जुळतं, तो सैन्यात होता, पॅराशूटच्या उड्या मारलेल्या, स्वभाव बेधडक, 1971 च्या नोव्हेंबरात कुठे होता हे कुणाला सांगता येत नाही, आणि पुढे त्याच्याकडे अचानक पैसा आला. ऐकणाऱ्याला वाटतं, आता आणखी काय हवं? पण तयार कपड्यांच्या दुकानातला मध्यम मापाचा सदरा शेकडो लोकांच्या अंगाला बसतो. म्हणून तो त्यांतल्या एकासाठी बेतून शिवला होता असं ठरत नाही. कूपरचं वर्णन तसंच मध्यम मापाचं होतं: मध्यमवयीन, मध्यम ते उंच, काळसर-सावळ्या वर्णाचा, सूट घातलेला पुरुष. त्या काळी अमेरिकेत चाळीस ते पन्नास वयाचे पुरुषच एक कोटीहून अधिक होते. समजा, बाकीच्या सगळ्या खुणा मिळून हजारातल्या एकाला जुळतात असं मानलं, तरी दहा हजारांहून अधिक माणसं उरतात. त्या दहा हजारांपैकी प्रत्येकाबद्दल कुटुंबातलं कुणीतरी ‘जुळतंय की!’ असं म्हणू शकतं. त्यातले 9,999 जण निर्दोष असतील.

यातून महत्त्वाचा नियम निघतो. पुराव्याचं बळ तो किती जुळतो यावर ठरत नाही, तो किती जणांना जुळत नाही यावर ठरतं. बोटाचा ठसा बळकट असतो, कारण तो जवळजवळ सगळ्या जगाला वगळतो. ‘तो धाडसी होता’ हा दुबळा, कारण तो फारसं कुणालाच वगळत नाही. एफबीआयच्या अनुभवातही हेच दिसतं. पहिल्या पाच वर्षांतच त्यांनी 800 हून अधिक संशयितांचा विचार केला आणि जेमतेम दोन डझन सोडून सगळ्यांना बाद केलं. फ्लोरिडातल्या एका माणसानं 1995 साली मृत्युशय्येवर आपणच डॅन कूपर असल्याचं पत्नीला सांगितलं. ती कथा खूप गाजली. पुढे ठशांची आणि डीएनएची तुलना झाली, ती जुळली नाही. कबुलीसुद्धा वर्णनाप्रमाणेच एक दावा असतो. तो तपासायला स्वतंत्र वस्तू लागते.

साक्षीदारांच्या आठवणीचाही इथे विचार करायला हवा. ज्यांनी त्याला पाहिलं ते खोटं बोलत होते असं कुणी म्हणत नाही. पण भीतीच्या त्या काही तासांत पाहिलेला चेहरा चित्रकाराला सांगताना आकार बदलतो. म्हणूनच त्याची रेखाचित्रं एकाहून अधिक झाली आणि ती एकमेकांसारखी नाहीत. त्या रेखाचित्राच्या शेजारी एखाद्या माणसाचा तरुणपणचा फोटो ठेवला की डोळे, कपाळ, जिवणी यांतलं काहीतरी सारखं वाटतंच. माणसाचा मेंदू चेहऱ्यात साम्य शोधायला तरबेज आहे, आणि म्हणून या कामात तो फार भरवशाचा नाही.

नदीकाठच्या तीन गड्ड्या

10 फेब्रुवारी 1980 रोजी कोलंबिया नदीच्या काठावर टीना बार नावाच्या वाळूच्या पट्ट्यात शेकोटीसाठी वाळू सपाट करताना आठ वर्षांच्या एका मुलाला कुजलेल्या नोटा सापडल्या. तीन गड्ड्या, एकूण 5,800 डॉलर, म्हणजे वीस डॉलरच्या 290 नोटा. क्रमांक कूपरला दिलेल्या नोटांशी जुळले. कडा झिजून गोलसर झालेल्या, कागदाचे थर एकमेकांना चिकटलेले, रंग काळपट पडलेला. पण गड्ड्यांभोवतीचे रबरबँड अजून जागेवर होते. उडीनंतर सापडलेली खंडणीची ही एकमेव रक्कम. उरलेल्या 9,710 नोटांपैकी एकही आजवर कुठे आढळलेली नाही.

या शोधानं आधीचा सगळा भूगोल विस्कटला. टीना बार हे एरियलच्या नैऋत्येला सुमारे 30 किलोमीटरवर आहे. कूपर लुईस नदीच्या खोऱ्यात पडला असेल आणि पैसे पाण्यात वाहत आले असतील, हा सोपा तर्क नकाशा पाहताच कोसळतो. कारण लुईस नदी कोलंबियाला जिथे मिळते ती जागा टीना बारच्या पुढे, प्रवाहाच्या खालच्या अंगाला आहे. पाणी उलटं वाहत नाही. म्हणजे पैसे एकतर प्रवाहाच्या वरच्या बाजूनं आले, किंवा कुणीतरी तिथे आणले, किंवा विमानाचा मार्ग आणि उडीची जागा यांचा पहिला अंदाजच चुकला. प्रवाहाच्या वरच्या बाजूला कोलंबियाला मिळणारी वॉशूगल नदी आहे, म्हणून अनेकांनी लक्ष तिकडे वळवलं. नोटेवर कुणाचंही नाव नव्हतं, तरी तीन गड्ड्यांनी एक मोठा प्रदेश प्रश्नांकित केला. वगळणारा पुरावा म्हणतात तो हा.

पुढचा प्रश्न वेळेचा: त्या नोटा तिथे कधी आल्या? नदीत जहाजांसाठी पात्र खोल ठेवायला गाळ उपसतात. 1974 साली उपसलेला गाळ याच किनाऱ्यावर टाकला होता. भूगर्भशास्त्रज्ञ लिओनार्ड पामर यांनी वाळूचे थर तपासले, तेव्हा नोटा त्या गाळाच्या थराच्या वर असल्याचं त्यांचं मत झालं. थर खालून वर साठत जातात. वरची वस्तू नंतरची. म्हणजे नोटा 1974 नंतर तिथे पोचल्या असाव्यात. इथे रबरबँड अडचण करतो. उघड्यावर ऊन-पाणी खात रबरबँड फार काळ टिकत नाही. मग 1971 पासून काही वर्षं त्या गड्ड्या कुठेतरी झाकलेल्या राहिल्या, की थराची ओळखच चुकली? काही अभ्यासकांनी यातली दुसरी शंका घेतली आहे. दोन पुरावे एकमेकांशी भांडत असताना त्यातला एक आवडता निवडून मोकळं होणं सोपं असतं. पण खरी प्रगती त्यांच्यात निवाडा करू शकणारा तिसरा पुरावा शोधल्यानं होते.

तो तिसरा पुरावा हौशी अभ्यासकांनीच शोधला. एफबीआयनं प्रकरणातल्या वस्तू तपासायला बाहेरच्या अभ्यासकांच्या एका गटाला परवानगी दिली. जीवाश्मांचे अभ्यासक टॉम के त्याचे प्रमुख होते. त्यांनी नोटांवर डायटम शोधले. डायटम म्हणजे पाण्यात राहणारं एकपेशीय शेवाळ. डोळ्यांना न दिसणारं, पण काचेसारख्या सिलिकाचं कवच असलेलं. शेवाळ मेलं तरी कवच टिकतं. आणि नदीत वेगवेगळ्या ऋतूंत वेगवेगळ्या जातींचे डायटम वाढतात. त्यामुळे एखादी वस्तू पाण्यात कधी बुडाली होती याची नोंद तिच्यावर चिकटलेल्या कवचांत राहू शकते. नोटांवर मिळाले ते वसंत ऋतूच्या शेवटी आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला फोफावणाऱ्या जातींचे. नोव्हेंबरच्या पाण्यातले मिळाले नाहीत. 2020 साली हा अभ्यास ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’ या संशोधनपत्रिकेत प्रसिद्ध झाला. त्याचा अर्थ असा की उडीच्या रात्रीच पैसे नदीत पडून वाहत गेले, ही कल्पना टिकत नाही. ते काही महिने, कदाचित काही वर्षं, पाण्याबाहेर होते आणि नंतर पाण्यात गेले.

या अभ्यासानं कूपरचं नाव सांगितलं नाही. एक दार मात्र बंद केलं, आणि सगळ्यांसाठी बंद केलं. ज्यांचा संशयित वेगवेगळा आहे त्या सगळ्यांना आता या निष्कर्षाशी जुळवून घ्यावं लागतं, किंवा त्याची चूक दाखवावी लागते. पन्नास वर्षांत एवढं काम किती नावांनी केलं?

टायवरचे कण

वस्तूंना प्रश्न विचारला म्हणजे चूक होतच नाही, असं मात्र नाही. याच गटानं टायच्या धाग्यांत अडकलेले सूक्ष्म कण सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. त्यात जवळजवळ शुद्ध टायटॅनियमचे कण मिळाले. त्या काळी शुद्ध टायटॅनियम रोजच्या वापरात नव्हतं. ते धातूच्या आणि रसायनांच्या काही ठरावीक कारखान्यांत हाताळलं जाई. एवढं सांगणं पुराव्याच्या मर्यादेत होतं. पण पुढे लगेच बोइंगच्या आवाजापेक्षा जलद जाणाऱ्या प्रवासी विमानाच्या प्रकल्पाशी संबंध जोडला गेला. तो प्रकल्प 1971 साली अमेरिकी संसदेनं पैसा नाकारल्यामुळे बंद पडला होता. मग नोकरी गेलेला रागावलेला अभियंता, अशी कथा तयार झाली. कथा सुबक आहे, पण टाय कूपरनं नवाच घेतला होता की कुणाचा जुना वापरला, कण त्याच्याच कामाच्या जागचे होते की आधीच्या मालकाच्या, हे टाय सांगत नाही. त्यात तो टाय 1971 पासून अनेक हातांतून गेलेला आहे. त्यावर मिळालेला डीएनएही एकाहून अधिक माणसांचा आहे.

याच ठिकाणी एक नुकसान डोळ्यांत भरतं. सिगारेटची आठ थोटकं पुढे हरवली. 1971 साली त्यांवरच्या लाळेतून माणूस ओळखण्याचं तंत्र नव्हतं, आज आहे. ती थोटकं जपून ठेवली असती तर कदाचित आज एकाच प्रयोगशाळेतल्या एका चाचणीनं शेकडो नावांचा निकाल लागला असता. वस्तू जपणं हे तपासाचं कंटाळवाणं काम वाटतं, पण उद्याचं तंत्र आजच्या वस्तूवरच चालतं.

आक्षेप आणि त्यांची उत्तरं

पहिला आक्षेप असा की नाव घेतल्याशिवाय गुन्हा सुटत नाही; शेवटी कुणावर तरी संशय घ्यावाच लागतो. हे खरं आहे. 7 एप्रिल 1972 रोजी रिचर्ड मॅकॉय यानं कूपरच्याच पद्धतीनं दुसऱ्या विमानाचं अपहरण केलं आणि पाच लाख डॉलर घेऊन युटा राज्यात उडी मारली. त्याचं नाव आधी ओळखीच्या माणसाच्या खबरीतूनच पुढे आलं. पण तो दोषी ठरला तो हस्ताक्षर, बोटांचे ठसे आणि घरात सापडलेली जवळजवळ सगळी रक्कम यांच्यामुळे. नाव हा प्रश्न होता, उत्तर वस्तूंनी दिलं. कूपर प्रकरणात मात्र नावालाच उत्तर मानण्याची घाई दिसते. मॅकॉयलाच कूपर ठरवणारेही पुष्कळ आहेत. अलीकडे एका जुन्या पॅराशूटवरून ती चर्चा पुन्हा पेटली. मॅकॉय त्या वेळी तिशीच्या आत होता आणि एफबीआयनं त्याला या प्रकरणातून वगळलं होतं. हे मत बदलायचं असेल तर साम्यांची यादी वाढवून चालणार नाही. त्या पॅराशूटचा 1971 च्या विमानाशी थेट संबंध दाखवावा लागेल.

दुसरा आक्षेप : तो उडीतच मेला, मग एवढा खटाटोप कशाला? पोर्टलंडमधले तपास अधिकारी राल्फ हिमल्सबाख यांच्यासह अनेकांचं मत बराच काळ असंच होतं. रात्र, पाऊस, गोठवणारा वारा, पायांत साधे बूट, अंगावर सूट, सोबत साडेनऊ किलोच्या आसपास नोटा. पण पुढच्याच वर्षी त्याची नक्कल करून विमानातून उड्या मारणारे पाचही अपहरणकर्ते जिवंत उतरले, आणि पुढे तुरुंगात गेले. त्यामुळे उडी जीवघेणीच होती असं म्हणता येत नाही. उलट, खर्च झालेली एकही नोट सापडली नाही यावरून तो मेला असंही ठामपणे ठरत नाही. क्रमांकांच्या याद्या बँकांना वाटल्या होत्या आणि वर्तमानपत्रांनी एका नोटेसाठी बक्षिसं जाहीर केली होती. पण वीस डॉलरच्या नोटेचा क्रमांक दुकानदार कधी तपासून पाहत नाही. सध्याच्या पुराव्यावर या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर ‘ठरत नाही’ असंच आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत मवाळ वाटतो: ही तर निरुपद्रवी हौस आहे, नावं घेतली तर काय बिघडतं? बिघडतं. ज्यांची नावं घेतली गेली त्यांतले काही जिवंत होते, त्यांनी आरोप नाकारले, आणि तरी त्यांच्या घराबाहेर कॅमेरे उभे राहिले. मेलेल्यांच्या मुलाबाळांनाही ते नाव घेऊन जगावं लागतं. त्या विमानातले प्रवासी आणि कर्मचारी कित्येक तास बॉम्बच्या धमकीखाली होते, हेही कथेच्या रंगात विसरलं जातं. कूपर लोककथेतला नायक झाला. त्या रात्री त्याच्या शेजारी बसवलेली हवाईसुंदरी एक घाबरलेली तरुण नोकरदार होती. ज्या हौसेनं माणसं दुखावतात तिनं पुराव्याची अट स्वतःला जास्त कडकपणे लावली पाहिजे.

थोडक्यात

• पक्कं : विमान, वेळ, अटी, खंडणीच्या नोटांचे क्रमांक, टीना बारला सापडलेले 5,800 डॉलर.
• वगळलेलं : पैसे उडीच्या रात्रीच नदीत पडून वाहत आले ही कल्पना; लुईस नदीतून थेट टीना बारला पोचण्याचा मार्ग.
• अनिर्णित : तो जगला की मेला, नेमका कुठे उतरला, पैसे काठावर कसे पोचले.
• पुराव्याची कसोटी : तो किती जणांना जुळतो हे पाहू नका, किती जणांना वगळतो ते पाहा.
• निकाल लावू शकणाऱ्या वस्तू : उरलेल्या 9,710 नोटांपैकी एखादी, नेलेला पॅराशूट, जुळणारा ठसा.

प्रकरणातून काय टिकलं

एफबीआयनं जुलै 2016 मध्ये या प्रकरणाचा सक्रिय तपास थांबवल्याचं जाहीर केलं. गुन्ह्याची मुदत संपू नये म्हणून 1976 सालीच पोर्टलंडमध्ये अज्ञात आरोपीवर आरोपपत्र दाखल केलं गेलं होतं, त्यामुळे माणूस उद्या सापडला तरी खटला चालू शकतो. दरम्यान या घटनेनं विमानप्रवासच बदलला. 727 विमानांना ‘कूपर व्हेन’ नावाची छोटी पट्टी बसवली गेली. उड्डाणात हवेच्या झोतानं ती वळते आणि जिना अडवून धरते, विमान जमिनीवर आलं की स्प्रिंगनं परत जागेवर येते. कूपर आणि त्याच्यासारख्या अपहरणांच्या लाटेनंतर जानेवारी 1973 पासून अमेरिकेत प्रत्येक प्रवाशाची आणि हातातल्या सामानाची तपासणी सक्तीची झाली.

असं एखादं न उलगडलेलं प्रकरण तुम्ही वाचाल, आणि नवं नाव घेऊन येणारा लेख किंवा कार्यक्रम समोर येईल, तेव्हा तीन प्रश्न विचारा. या नावाच्या बाजूनं सांगितलेल्या गोष्टी आणखी किती लोकांना लागू पडतात? हा दावा खोटा ठरवायचा असेल तर कोणती वस्तू पाहावी लागेल? आणि ती वस्तू कुणी पाहिली आहे का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असेल तर ते नाव मान्य करू नका. ते कितीही जुळत असलं तरी.